शाळा हवीच, पण बागेच्या जागेवर नको

ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या उपनगरात सध्या एका भूखंडावरून दोन तट पडले आहेत. भूखंड पाऊण एकराचा, महापालिकेच्या ताब्यातला, विकास आराखड्यात 'उद्यान' म्हणून आरक्षित. त्यावर माध्यमिक शाळा बांधावी असा प्रस्ताव पुढे आला आहे. एका बाजूला 'आधी शाळा' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'बाग वाचवा' म्हणणारे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत वाद चालतो, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरही चालतो. पहिल्या गटाला दुसरे लोक तालीमचे दुश्मन वाटतात आणि दुसऱ्याला पहिले कुणाच्या तरी सांगण्यावरून बोलतायत असं वाटतं. एकाच इमारतीत राहणारे, ईदला एकमेकांकडे शीरखुर्मा पाठवणारे लोक जिन्यात भेटले तरी नजर चुकवू लागले आहेत.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, नगररचनेतला तज्ज्ञ नाही. पण याच वस्तीत लहानाचा मोठा झालो आणि माझी मुलंही इथेच वाढतायत. वाद सुरू झाल्यावर विकास आराखडा आणि ज्या कायद्याने तो होतो तो कायदा, दोन्ही वाचून काढले. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. शाळा हवी, लवकर हवी आणि महापालिकेची हवी. पण या जागेवर नको. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे आमच्याकडे कुणी ऐकूनच घेत नाही. म्हणून हा लेख.

शाळा मागणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही

बागेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आधी एक गोष्ट मान्य करावी: शाळेची मागणी हवेतून आलेली नाही. माझी मोठी बहीण वर्गात पहिली-दुसरी यायची. तिचं शिक्षण सातवीला थांबलं, कारण आठवीची शाळा रेल्वेच्या पलीकडे होती आणि मुलीला रोज पूल ओलांडून एकटीला पाठवायला घर तयार नव्हतं. तीच शाळा मला दोन बस बदलून चालली, कारण मी मुलगा होतो. पुढे मी इंजिनियरिंगची पदवी घेतली, ती लग्न होऊन गेली. शाळेचं अंतर नकाशावर सर्वांसाठी सारखं असतं, घरात मात्र मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी ते वेगवेगळं मोजलं जातं.

हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशाची साक्षरता ६५.१ टक्के होती आणि मुस्लिमांची ५९.१. मुस्लिम मुलं मदरशांतच जातात हा गैरसमजही त्याच अहवालाने खोडून काढला. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांपैकी मदरशांत शिकणारी जेमतेम तीन-चार टक्के निघाली. बाकीच्यांना नेहमीची शाळाच हवी होती. ती जवळ नव्हती, किंवा होती तर पुढच्या इयत्ता नव्हत्या.

कायद्यातही एक फट आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. नववी-दहावीची हमी त्यात नाही. म्हणजे ज्या वयात आमच्या मुलींची शाळा सुटते, नेमकं त्याच वयात कायदा हात सोडतो. आमच्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या एक आपा मला म्हणाल्या, "बागेत फिरून माझी पोरगी दहावी पास होणार आहे का?" या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देणं मला शक्य नाही.

शिवाय बाग आहे तरी कुठे, असंही लोक विचारतात. फाटकावर महापालिकेची गंजलेली पाटी आहे. आत अर्ध्या जागेत टेम्पो उभे असतात, कोपऱ्यात कुणाच्या तरी घराच्या दुरुस्तीचा राडारोडा आहे, उरलेल्या जागेत पोरं क्रिकेट खेळतात. एवढी वर्षं जी बाग झालीच नाही तिच्यासाठी शाळा का अडवायची? वादातला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

ती जागा रिकामी नाही, राखलेली आहे

रिकामी जागा आणि राखलेली जागा यांत फरक आहे. विकास आराखडा तयार होताना किती वस्ती आहे, किती वाढणार आहे, त्यांना शाळा, दवाखाना, बाजार, कब्रस्तान, स्मशान, मैदान, बाग यांसाठी किती जमीन लागेल, याचा हिशेब मांडून आरक्षणं टाकली जातात. महाराष्ट्रात हे काम १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होतं. आपल्या बोलण्यात तो 'एमआरटीपी'. त्या हिशेबात या पाऊण एकरावर बाग आली. त्याच हिशेबात शाळांसाठीही वेगळ्या जागा आल्या.

बाग न होणं हा महापालिकेच्या कामाचा भाग होता. तिने ते केलं नाही. आता तिचं न झालेलं काम हेच जागा काढून घेण्याचं कारण ठरत असेल, तर यापुढे कोणतंही आरक्षण मोडायचा रस्ता सोपा आहे: दहा-पंधरा वर्षं तिथे काहीच करू नका, टेम्पो उभे राहू द्या, राडारोडा पडू द्या, मग म्हणा की इथे तसंही काय आहे!

आपल्या वाचकांना हे तत्त्व नवं नाही. वक्फच्या जमिनीबद्दल आपण काय म्हणतो? ज्या हेतूने जमीन वक्फ झाली त्याच हेतूसाठी ती वापरली पाहिजे. वाकिफने घातलेली शर्त मुतवल्लीला सोयीप्रमाणे बदलता येत नाही. कब्रस्तानची जागा पडून आहे म्हणून तिथे दुकानांचे गाळे काढले तर आपण गप्प बसत नाही. 'गाळ्यांच्या भाड्यातून शिष्यवृत्त्या देऊ' असं सांगितलं तरी बसत नाही. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यावर देशभर चर्चा झाली, तेव्हा तर हा मुद्दा आपल्यापैकी कितीतरी जणांनी तावातावाने मांडला. मग बागेसाठी राखलेली सार्वजनिक जमीन त्या तत्त्वातून वगळायची कशी? वक्फ आणि आरक्षण या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळतं. पण दोन्हींच्या मुळाशी असलेली अमानतीची कल्पना एकच आहे. जमीन सांभाळणारा तिचा मालक नसतो.

बंगळुरूचं इस्पितळ, वेस्टफिल्डची शाळा

बाग विरुद्ध दुकानं असा वाद असेल तर निर्णय सोपा असतो. लखनौच्या अमीनाबादमधल्या झंडेवाला पार्कखाली, म्हणजेच अमीनुद्दौला पार्कखाली, भूमिगत बाजार बांधायला घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो पाडून बाग पूर्ववत करायला सांगितलं. तिथे स्वातंत्र्यलढ्यातल्या सभा भरल्या होत्या. दुकानांसाठी ती जागा देणं कुणालाही पटणारं नव्हतं.

अडचण येते ती बागेच्या बदल्यात दुसरी चांगली गोष्ट मिळत असते तेव्हा. बंगळुरूत तसं झालं. राजमहाल विलास विस्तार भागात बागेसाठी राखलेली जागा विकास प्राधिकरणाने मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका वैद्यकीय न्यासाला इस्पितळासाठी दिली. रहिवासी कोर्टात गेले. न्यासाचं म्हणणं होतं की इस्पितळ ही लोकांच्याच उपयोगाची गोष्ट आहे, मग हरकत कसली? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. आराखड्यात बाग म्हणून राखलेली जागा एका खासगी संस्थेच्या हाती देणं म्हणजे आराखड्याच्या मूळ हेतूवरच घाला, असं न्यायालयाने मानलं. इस्पितळ वाईट आहे असं कुणीच म्हणालं नाही. प्रश्न इतकाच होता की एक चांगली गोष्ट करण्यासाठी दुसरी राखलेली चांगली गोष्ट वरच्याच्या मर्जीने पुसता येते का.

आमच्या वादाशी हुबेहूब जुळणारं प्रकरण मात्र अमेरिकेतलं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं वेस्टफिल्ड हे छोटं शहर. तिथे क्रॉस स्ट्रीटवर सुमारे ५.३ एकरांचं सार्वजनिक क्रीडांगण होतं. शहराने १९५७ मध्ये अधिकृत ठराव करून त्याला नाव दिलं, १९७९ मध्ये त्याच्या सुधारणेसाठी केंद्राच्या निधीतून मदत घेतली, २०१० च्या मोकळ्या जागांच्या आराखड्यात त्याची नोंद केली. आणि २०११ मध्ये प्राथमिक शाळा बांधण्यासाठी तीच जागा शाळा खात्याकडे वळवली. २०१२ मध्ये पाडकामही सुरू झालं. रहिवासी कोर्टात गेले. खालच्या कोर्टात हरले, अपिलातही हरले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

निकालातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, जमिनीच्या कागदावर 'हे कायमचं उद्यान आहे' अशी नोंद नसली, तरी शहराने ती जागा स्पष्ट हेतूने लोकांना वाहिली आणि लोकांनी ती वर्षानुवर्षं वापरली, तर ती उद्यानच ठरते. दुसरी, न्यायालयाने 'इथे शाळा कधीच होणार नाही' असं म्हटलं नाही. तिथल्या राज्यघटनेच्या १९७२ मध्ये मंजूर झालेल्या ९७ व्या कलमाप्रमाणे अशी जागा दुसऱ्या कामाला वापरायची तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागतं. ते मिळवा आणि मग बांधा, एवढंच न्यायालयाने सांगितलं. पुढे २०२२ मध्ये त्या राज्याने आणखी एक कायदा केला. उद्यानाची जागा घ्यायची असेल, तर आधी दुसरा पर्याय नाही हे दाखवायचं आणि बदल्यात तोलामोलाची जागा द्यायची.

हे तंत्र मला माझ्या कामातून ओळखीचं आहे. कोणताही बदल लाइव्ह करण्याआधी आम्हाला हमखास विचारलं जातं: गडबड झाली तर मागे कसं येणार? जिथे मागे येता येतं तिथे आम्ही झटपट निर्णय घेतो. जिथे येता येत नाही तिथे चार माणसं तपासतात, दोन दिवस जास्त लागले तरी चालतात. बागेची शाळा करता येते, पण शाळा पाडून बाग केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. हा एकाच दिशेचा रस्ता आहे. म्हणून त्यावर पाऊल टाकण्याआधीची तपासणी कडक हवी.

बागेत कोण जातं?

'बाग हे खात्यापित्या लोकांचं चोचलं आहे' असं आमच्याकडे सर्रास ऐकू येतं. वस्तुस्थिती उलटी आहे. ज्याच्याकडे गाडी आहे तो रविवारी येऊरला किंवा माथेरानला जाऊ शकतो. ज्याच्या सोसायटीत पोडियम आहे त्याची मुलं तिथे खेळतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, त्यांनाच बागेची गरज सगळ्यात जास्त असते.

थोडा हिशेब करू. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. मुंबईत ती दीड चौरस मीटरही भरत नाही. आमचा पाऊण एकर म्हणजे साधारण ३,००० चौरस मीटर. निकष लावला तर ही जागा जेमतेम तीनशे माणसांपुरती आहे. आमच्या एकेका गल्लीत त्याहून जास्त माणसं राहतात. जे इतकं थोडं आहे तेही द्यायचं का, हा खरा सवाल आहे.

आणि या जागेचा सर्वांत मोठा उपयोग ज्यांना झाला असता त्या वादात जवळजवळ बोलतच नाहीत. त्या म्हणजे बायका. मैदान असलं की ते मुलगे घेतात. नाका, चहाची टपरी, पानाची गादी पुरुषांची. बाईला घराबाहेर अर्धा तास काही न विकत घेता, कुणाची परवानगी न मागता, कुणी 'इथे का बसलीस' असं न विचारता बसता येईल अशी जागा आमच्याकडे नाही. डॉक्टर मधुमेहाच्या पेशंटला रोज चाला म्हणून सांगतात. माझी अम्मी सकाळी फजरनंतर इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांभोवती फेऱ्या मारते. मुंब्र्यात 'परचम' या संस्थेने काही वर्षांपूर्वी मुलींचा फुटबॉल सुरू केला, तेव्हा खेळाइतकाच मोठा प्रश्न होता तो खेळायला जागा मिळण्याचा. ती लढाई आपल्या सगळ्यांना अभिमानाची वाटते. मग आपल्याच दारातल्या जागेबाबत आपण उलट का वागतो?

पावसाचाही विचार करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आमच्याही तळमजल्यांत पाणी होतं. जमिनीचा जो तुकडा काँक्रीटखाली गेलेला नाही तोच थोडंफार पाणी पितो. आमच्या वस्तीत असा सलग तुकडा हा एकच उरला आहे.

शाळा, पण कुणाची?

प्रस्ताव सुरू झाला तेव्हा तो महापालिकेच्या शाळेचा होता. आता बोलणी वेगळी ऐकू येतात. महापालिकेकडे पैसे नाहीत म्हणून जागा भाडेपट्ट्याने एखाद्या ट्रस्टला द्यायची आणि ट्रस्टने इंग्रजी माध्यमाची शाळा चालवायची. हे ऐकून ग्रुपवर पुष्कळांनी 'माशाअल्लाह' लिहिलं. मी मात्र दोनदा वाचलं.

खासगी शाळांत पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात, हे आता घरोघरी माहीत आहे. पण २०१४ च्या 'प्रमती' निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही असं सांगितलं. २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून विषय मोठ्या पीठाकडे न्यावा असं म्हटलं आहे. तूर्त स्थिती अशी आहे की उद्या या जागेवर अल्पसंख्याक दर्जाच्या ट्रस्टची फी घेणारी शाळा उभी राहिली, तर शिवणकाम करणाऱ्या आपांच्या मुलीला तिथे एकही मोफत जागा हक्काने मागता येणार नाही. बाग सगळ्यांची जाईल आणि शाळा फी भरणाऱ्यांची होईल. ट्रस्ट चालवणारे भले असतीलही. पण भलेपणा करारात लिहिलेला नसतो.

सार्वजनिक जागा खासगी हातांत सांभाळायला दिल्यावर काय होतं, हे मुंबईने पाहिलं आहे. मैदानं 'काळजीवाहू' संस्थांना दिली गेली आणि काही ठिकाणी सभासदांचे क्लब उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने पुन्हा दत्तक धोरण मंजूर केलं, तेव्हा लोकांनी इतका आवाज उठवला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली.

आणखी एक साधी अडचण. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं लिहिलं आहे. पाऊण एकरात इमारत, कुंपण आणि गाड्यांचा रस्ता काढल्यावर उरेल ते अंगण. पोरांची आजची खेळायची जागा घेऊन त्यांना त्याहून लहान अंगण द्यायचं, तेही शाळा सुटली की कुलपात.

मग शाळा कुठे?

'नको' म्हणणाऱ्याने 'मग काय' हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर आपांच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

पहिलं काम, प्रभागातल्या शाळेसाठीच्या सगळ्या आरक्षणांची यादी मागवायची. कोणती जागा ताब्यात आहे, कोणती नाही, कुठे अतिक्रमण आहे, कुठे आरक्षण बदललं, कधी आणि कुणाच्या ठरावाने. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बागेची जागा मोडायला निघालेल्या प्रत्येकाने आधी सांगावं की शाळेच्या जागेचं काय झालं. बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथे दडलेली असते. बाग मोडणं सोपं असतं, कारण तिथे कुणाचं दुकान नसतं.

दुसरं, आहे त्या महापालिकेच्या शाळांच्या इमारती पाहायच्या. कुठे मजला चढवता येतो, कुठे पटसंख्या घटून वर्ग बंद पडले आहेत, कुठे दुपारचं सत्र सुरू करता येतं. इमारतीची ताकद तपासून वरचा मजला बांधणं हे नवी शाळा बांधण्यापेक्षा लवकर होणारं काम आहे. सातवीच्या शाळेला आठवी, नववी, दहावी जोडली तर मुलीला शाळाही बदलावी लागत नाही.

तिसरं, शाळा उभी राहीपर्यंतची दोन-तीन वर्षंही महत्त्वाची आहेत. तेवढ्यात मुलींची एक पिढी घरी बसते. ग्रामीण महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांत मुलींसाठी खास एसटी गाड्या आणि सायकली दिल्या जातात. शहरातल्या गरीब वस्तीने तेच मागायला काय हरकत आहे? आमच्या भागातून रेल्वेपलीकडच्या शाळेपर्यंत शाळेच्या वेळेत महापालिकेची एक बस, सोबत एक महिला वाहक. माझ्या बहिणीच्या वेळी एवढं असतं तरी पुरलं असतं.

चौथं, याच वर्षीच्या अंदाजपत्रकात बागेसाठी तरतूद. टेम्पो हटवा, राडारोडा उचला, दिवे, बाकं, चालायला पट्टा, स्वच्छतागृह, पाणी. झाडं आधी लावा, कारंजं नको. बाग झाली की 'तिथे काय आहे' हा प्रश्नच राहणार नाही.

आणि इतकं करूनही खरोखर दुसरी जागा नाही असं निघालं तर? तर मीही हट्ट धरणार नाही. पण मग ते काम उघडपणे व्हावं. एमआरटीपीच्या ३७ व्या कलमाप्रमाणे आरक्षण बदलायचं तर जाहीर सूचना काढून महिनाभराच्या मुदतीत हरकती-सूचना मागवाव्या लागतात, सुनावणी घ्यावी लागते आणि शासनाची मंजुरी लागते. त्यात एक अट आपण घालून घ्यावी: याच प्रभागात तेवढीच जागा बागेसाठी आधी ताब्यात, मग इथे पाया. 'नंतर देऊ' हे चालणार नाही. नंतर दिलेली बाग मी अजून पाहिलेली नाही.

विरोध कुणाचा, कशासाठी

एक नाजूक मुद्दा राहतो. शाळेत उर्दू माध्यमाचे वर्ग असणार म्हटल्यावर वस्तीबाहेरच्या काही लोकांना अचानक बागेचा पुळका आला आहे. कालपर्यंत ज्यांनी आमच्या गटारांची चौकशी केली नाही ते आता झाडांबद्दल कळवळून बोलतात. त्यामुळे आपल्यातले अनेक म्हणतात की आता बागेच्या बाजूने बोलणं म्हणजे त्यांना बळ देणं.

मला हे पटत नाही. उर्दू शाळेला विरोध आणि बागेच्या जागेवर बांधकामाला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणं आपल्याच हातात आहे. शाळेसाठी दुसरी जागा आपण स्वतः शोधून पुढे ठेवली की ज्याचा विरोध भाषेला आहे तो त्या जागेलाही विरोध करील आणि उघडा पडेल. कुणी तरी द्वेषाने बोलतोय म्हणून आपण आपली मोकळी जागा सोडायची, यात नुकसान कुणाचं? द्वेष करणारा आपल्या घरी निघून जाईल. धुरात आपली मुलं राहतील.

तसंच, आपल्यातल्या बागवाल्यांनीही सांभाळून बोलावं. 'शाळा आली की गर्दी येईल, फ्लॅटचे भाव पडतील' असं ग्रुपवर लिहिणारेही आहेत. ते बागेचं रक्षण नाही, ते गरिबांच्या मुलांना दाराबाहेर ठेवणं आहे. त्या युक्तिवादात माझी सही नाही.

आजवर वस्तीला कमी मिळालं, म्हणून जे मिळतंय त्यावर समाधान मानायची सवय आपल्याला लागली आहे. शाळा की बाग, दवाखाना की मैदान, पाणी की रस्ता. दोन हक्क समोर ठेवून एक उचलायला सांगणारा निघून जातो आणि आपण आपापसांत भांडत राहतो. शाळेचं आरक्षण शाळेसाठी होतं, बागेचं बागेसाठी. दोन्ही आपली होती. एकाचा हिशेब न मागता दुसरं देऊन टाकायला आपण तयार झालो, तर पुढच्या वेळी तिसरं मागितलं जाईल.

म्हणून दोन्ही बाजूंच्या लोकांना विनंती आहे. सूचना निघाल्यावर हरकत लिहायची तर एकट्याने लिहू नका, आणि 'शाळा नको' असं तर अजिबात लिहू नका. एकाच अर्जात दोन मागण्या लिहा: प्रभागात महापालिकेची दहावीपर्यंतची शाळा, तिच्या स्वतःच्या आरक्षित जागेवर किंवा आहे त्या शाळेचे मजले वाढवून, आणि या पाऊण एकरावर बाग, याच वर्षीच्या पैशांतून. खाली शाळावाल्यांच्या आणि बागवाल्यांच्या सह्या शेजारी शेजारी घ्या. बायकांच्या सह्या आधी घ्या. अर्जाची पोच घ्या, तारखेचा शिक्का नीट उमटलाय का ते बघा, आणि सुनावणीला स्वतः जा.